स्टेजवर मारलेली माझी आई

आमच्या विद्यापीठात महिन्यातून एकदा गोष्टींची संध्याकाळ असते. प्राध्यापक असो, लायब्ररीतला माणूस असो की विद्यार्थी, कुणीही स्टेजवर यायचं आणि आपल्या आयुष्यातली एक खरी गोष्ट सांगायची, कागद न बघता. अट एकच, गोष्ट स्वतःची पाहिजे. ती अट धाब्यावर बसवून एका बाईनं माझी आई मारली, त्याची ही हकीकत.

ही बाई माझ्याच विभागात शिकवते. पुण्याहून इथे बेंगळुरात नवी आली तेव्हा कोरमंगलात तिला घर बघून दिलं ते मी, ऑटोवाल्याशी भांडण्यापुरतं कन्नड शिकवलं ते मी. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं, त्यामुळे आमच्या मराठीत कन्नड मुरलेलं. "किती गोड बोलता गं तुम्ही!" म्हणून ती हसायची, आणि मी मूर्ख तिच्याबरोबर हसायचे.

माझे वडील गेले त्यानंतर ती कॅन्टीनमध्ये माझा हात धरून बसली होती. त्या भरात, जे नवऱ्यालाही कधी बोलले नव्हते ते मी तिला सांगून टाकलं. मी लहान असताना वडील आजारी पडले, तेव्हा आई चिकपेटेतल्या, म्हणजे इथल्या कापडबाजारातल्या, एका दुकानाच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. एका संध्याकाळी दुकानातला ब्लाउजपीस सापडेना. मालकानं गिऱ्हाइकांसमोर आईची पिशवी उलटी करायला लावली, जेवणाचा डबासुद्धा उघडायला लावला. काही निघालं नाही. मी कपड्याच्या गठ्ठ्यावर झोपलेय असं तिला वाटत होतं. मग तिनं मला उठवलं आणि म्हणाली, "मालक आज खूश झाले बघ माझ्या कामावर." मी डोळे चोळले. मी पाहिलं होतं, हे आईला तोवर कधीच कळू दिलं नव्हतं.

महिन्याभरानं तीच गोष्ट बाईसाहेबांनी स्टेजवर सांगितली. हिंदीतून, कारण आमच्याकडे हिंदीत टाळ्या जास्त पडतात. चिकपेटेची झाली पुण्याची पेठ, माझी आई झाली तिची आई. पिशवी तीच, डबा तोच. शेवटी आवाज कापरा करून म्हणाली, "आई आता नाही. मी पाहिलं होतं, हे तिला सांगायचं राहूनच गेलं." मुली हुंदके देत होत्या. माझी आई त्या वेळी घरी बसून घेवड्याच्या शेंगा सोलत होती! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जिन्यात गाठलं तिला. म्हटलं, "लाज नाही वाटली?" तर काय म्हणावं तिनं? "अगं, गोष्ट कुणा एकाची असते का? सांगितली की ती सगळ्यांची होते." वर माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला हो! त्याच क्षणी ठरवलं, हिला चारचौघांत तोंडघशी पाडल्याशिवाय स्वस्थ बसायचं नाही.

वर्षाच्या शेवटी निवडक गोष्टी पुन्हा सांगायला लावतात, आणि त्या दिवशी घरच्यांनाही बोलावतात. आमच्याकडे रिवाज असा, की गोष्ट संपली की पहिला प्रश्न हॉलमधल्या सगळ्यात वयस्कर माणसानं विचारायचा. बाईंची गोष्ट अर्थातच निवडली गेली. मी आईला म्हटलं, "कार्यक्रम आहे, चल." एवढंच. तिला आधी काही सांगायचं नाही, हे पक्कं होतं. तिचा चेहरा खरा हवा होता मला. चिकपेटेत आयुष्य काढल्यामुळे हिंदी तिला उत्तम कळतं.

आई नेसली ठेवणीतली साडी. मी तिला पहिल्या रांगेत बसवलं आणि बाई स्टेजवर आल्या तेव्हा मुद्दाम हात हलवला. त्यांनी आईला कधी पाहिलेलं नव्हतं. गोष्ट सुरू झाली. पिशवी आली, डबा आला. मी आईकडे बघतच नव्हते. मला बघायचा होता त्या बाईचा चेहरा. "आई आता नाही," म्हणाली ती, पहिल्यापेक्षाही छान रडली, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. हॉलमध्ये सगळ्यात वयस्कर आईच, म्हणून पहिल्या प्रश्नाचा माइक तिच्या हातात आला.

आई उठली. "अक्का," ती हिंदीत म्हणाली, "ती बाई मीच. चिकपेटेतली. मी मेले नाही अजून."

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. वा! वर्षभर याच घडीची वाट पाहिली होती मी. डोळे भरून बघून घेतलं.

पण आई खाली बसली नाही. ती माझ्याकडे वळली. माइक चालूच होता.

"तू जागी होतीस?" तिनं मराठीत विचारलं.

मी मान हलवली. आईनं माइक परत दिला, पदर सारखा केला आणि दाराकडे निघाली. रात्री जेवली नाही.

बाईंनी त्यानंतर कार्यक्रम सोडला, विभागात माझ्या नजरेला नजर देत नाहीत. बरं झालं! मी तिला माफ केलेलं नाही, करणारही नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी आई कॉफीचा लोटा घेऊन माझ्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, "त्या पुण्याच्या बाईला एकदा जेवायला बोलव."

"तिला? ती चोर आहे, आई!"

"असू दे. तू मला सांगत नाहीस ते तिला ठाऊक असतं. आणखी काय काय सांगितलंयस, ते विचारून घेते."

मी अजून बोलावलेलं नाही. आई रोज विचारते, कधी येणार ती?