हिंगणीपलीकडचा पाळणा आणि सरपंचांचा चहा

आधी एक दुरुस्ती. गेल्या वर्षीच्या जत्रेवर लिहिताना मी याच पानावर लिहिलं होतं की, पाळणा मोडला आणि माझ्या मामीचा हात जायबंदी झाला. त्यातला हात खरा आहे. पाळणा मोडला नव्हता. मामी पाळण्यातून हसत उतरली, चार पावलं चालली आणि उसाच्या चिपाडावर घसरून पडली. मी भीतीने पाळण्याकडे पाठ करून बसले होते. मागे किंकाळी ऐकली, वळून पाहिलं तर मामी जमिनीवर. बाकीचं मी मनाने जुळवलं. मला वडिलांनी घरीच शिकवलं. छापून केलेली चूक छापूनच निस्तरायची, असं त्यांचं म्हणणं आहे.

पण नुसत्या दुरुस्तीने भागणार नव्हतं. माझा लेख त्या गावच्या चावडीवर मोठ्याने वाचला गेला आणि सरपंचांनी या वर्षी पाळणा उभा करायला मनाई केली. पाळणा तुळसाबाईंचा. त्यांचं घर वर्षभर त्या जत्रेकडे डोळे लावून असतं. त्याच गावात राहणाऱ्या मामीने निरोप धाडला, "पोरी, तुह्या लिवण्यापायी बाईचा धंदा बसून राह्यला. येजो लवकर." जत्रेला पंधरवडा उरला असताना मी निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. वर्ध्याहून पॅसेंजरने सेलूला उतरावं. तिथून हिंगणीला मोटार मिळते, पण ती भरल्याशिवाय सुटत नाही आणि भरली असं ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. पुढे बैलगाडी. गावाचं नाव देत नाही. मागच्या वेळी दिलं, त्याचं काय झालं ते पाहिलंच. हिंगणीत कुणालाही पाळण्याचं गाव विचारा. रस्त्याला दोन्हीकडे कपाशी, समोर बोर नदीचं जंगल, आणि गाडीचा एक दांडा सारखा कुरकुरत होता. तो तुटणार नाही ना, असं मी गाडीवानाला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "बाई, तुमी उतरून चाला, म्हंजे तुमचाबी जीव थाऱ्यावर अन् माह्याबी."

चिंचेखाली पाळणा सुटा करून ठेवला होता: दोन खांब, आरे आणि चार पेट्या. तुळसाबाई एका पेटीत बसून तंबाखू मळत होत्या.

"तुमीच का वो लिवणाऱ्या?"

"हो. माझं चुकलं."

"हाव, चुकलंच. आता बसा, भाकर खा."

झुणका इतका तिखट होता की डोळ्यांत पाणी आलं. मला पश्चात्ताप झाला आहे असं समजून त्यांनी आणखी वाढला.

संध्याकाळी तुळसाबाई, मामी आणि मी सरपंचांकडे गेलो. त्यांनी माझा लेख घडी घालून खिशात ठेवला होता.

"छापलेलं खोटं कसं असंल?" ते म्हणाले.

"मीच छापवलं, आणि मीच सांगते, ते चूक आहे."

"या पाळण्यात आजवर काय काय झालं, ठाऊक हाय? कोणाचं धोतर अडकलं, कोणाले वकारी झाली—"

"वकारी तुमालेच झालती, भाऊ," मामी म्हणाली.

सरपंचांनी खिशातला लेख चाचपला. मग म्हणाले, उद्या पाळणा उभा करा, मी स्वतः बसून पाहतो. आणि लिहिणारीने पण बसायचं. मी मामीकडे पाहिलं. मामीच्या चेहऱ्यावर लग्नाला निघाल्याचा आनंद होता.

दुसऱ्या दिवशी पाळणा उभा राहिला. तुळसाबाईंचे यजमान आणि दीर आऱ्यांना धरून तो हाताने फिरवतात. कोण कुठे बसणार ते मात्र तुळसाबाई ठरवतात. समोरासमोरच्या पेट्यांत सारखं वजन लागतं. त्यांनी सरपंचांना वरून खालपर्यंत पाहिलं, मग आम्हा दोघींना.

"भाऊ एकले इकडं. तुमी दोघी त्याइच्या समोरच्या पेटीत. दोघी मिळून भाऊएवढ्या होता."

सरपंचांना हे आवडलं नाही, पण मामीला फार आवडलं.

पेटीला आडवा दांडा असतो, आणि त्याची लाकडी खिट्टी आतून लावायची. मी ती पुन्हा पुन्हा दाबून पाहिली. पाळणा फिरू लागला. वर गेल्यावर मी मामीचा धड हात घट्ट धरला. पण खरं सांगते, वरून बोरच्या टेकड्या आणि पांढरी फुटलेली कपाशी दिसली तेव्हा क्षणभर मी घाबरायचं विसरले.

नेमका तेव्हाच पाळणा थांबला. आम्ही टोकावर, सरपंच तळाशी. त्यांच्या घरचा माणूस चहा घेऊन आला होता.

"भाऊ, चहा निवून राह्यला."

आणि सरपंचांनी खिट्टी काढली आणि ते उतरले.

त्यांचं वजन गेलं आणि आमचं दोघींचं एकदम खाली निघालं. मामी "माय वो!" म्हणून ओरडली. फिरवणारे दोघे आऱ्यांना लोंबकळले, एकाचे पाय जमिनीवरून उचलले गेले. आम्ही सरपंचांसमोरून सपकन खाली गेलो, पलीकडून वर चढलो, परत आलो आणि झोके खात थांबलो. कोणाला लागलं नाही. चहा मात्र सगळा सरपंचांच्या सदऱ्यावर होता.

"पाह्यलं? पाळणा खराबच हाय!" ते ओरडले.

मी एरवी वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाही. पण पेटीतून उतरता उतरता माझी जीभ सुटली. "पाळण्याला काही झालेलं नाही. तुम्ही मधेच उतरलात! ही खिट्टी बाहेरून हवी. माणसाला आपल्या मनाने उतरताच येता कामा नये."

"बाहेरून लावली तं मोठी माणसं बसत नाईत," तुळसाबाई हळूच म्हणाल्या. "आमाले कोंबड्यावानी कोंडतं काय, म्हंतेत."

"मी तं नाईच बसणार," सरपंच म्हणाले.

"काऊन वो भाऊ?" मामीने विचारलं. "हिंगणीच्या मोटारीत बसता, तिचं दार बाहेरून कोण लावते? कंडक्टर. तवा कोंबडी नाई होत?"

बघायला जमलेली माणसं हसली. सरपंचांनी बराच वेळ सदरा पिळला. शेवटी म्हणाले, "बरं. खिट्टी बाहेरून करा. पयल्या फेरीले चांगल्या घरचं कोणी कोंडून घ्याले तयार असंल, तं परवानगी. नाई तं पाळणा उचला."

"मी बसतो," मामी म्हणाली.

"तुमी नाई चालत. तुमाले भेवच नाई, हात मोडूनबी बसता. भेणारं माणूस पाह्यजे."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तुळसाबाईंनी मात्र मान वळवली होती, मला भीड पडू नये म्हणून. त्यामुळेच मी हो म्हणाले.

परतीच्या मोटारीत कंडक्टरने बाहेरून दार लावलं, तेव्हा ते आतून उघडतं का, हे मी दोनदा पाहिलं. घरी वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हो म्हणून आलीस ना? मग आता काळजी कसली?" काळजी मला इतरांना समजावता येत नाही, ती माझ्याकडे कायमच्या मुक्कामाला असते. पण त्या टोकावरून दिसलेली कपाशीही आता तिच्या शेजारी राहायला आली आहे. मामीचा निरोप आला आहे: सुताराने चारही खिट्ट्या बाहेरून बसवल्या, सरपंच येऊन हलवून पाहून गेले, आणि तुळसाबाईंनी मला कोणत्या पेटीत बसवायचं ते ठरवलं आहे. समोर ज्वारीचं पोतं ठेवणार आहेत.

जत्रा माघी पौर्णिमेला सुरू होते. तुमच्यापैकी कोणी येणार असाल तर लवकर या. पहिली फेरी त्याच दिवशी, म्हणजे येत्या सोमवारी, पूजा आटोपल्याबरोबर. तीत मी आहे.