पूजेचं बोट

दसऱ्याला धाकट्या भावाने नवी गाडी दारात आणली. माझ्या बायकोने पुढच्या काचेवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि ती आत वाकली. जुन्या गाडीत ती गिअरच्या गोळ्याला हळद-कुंकू लावायची. इथे तसा गोळाच नव्हता, म्हणून तिने त्या भल्यामोठ्या स्क्रीनला बोट लावलं. लगेच वायपर सुरू झाले आणि स्वस्तिकाचे काचभर लाल फराटे झाले.

भाऊ स्क्रीनवर वाकून वायपर बंद करायची जागा शोधू लागला. जुन्या गाडीत वायपरची दांडी न बघता हाताला सापडायची, अंधारात घरातलं दिव्याचं बटण सापडतं तशी. ती दांडी काढून टाकणाऱ्या शहाण्यांनी हाताचं काम डोळ्यांच्या गळ्यात मारलं, आणि वर याला प्रगती म्हणायचं. डोंबलाची प्रगती! या मठ्ठ काचेला बोट लागलेलं तेवढं कळतं. ते पूजेचं की हुकमाचं, हे कळत नाही.

"भावोजी," बायको म्हणाली, "रस्त्यात असं झालं तर समोर कोण बघणार?"

"सापडेल, वहिनी," तो म्हणाला. मान मात्र त्याने वर केली नाही.