दाजींनी पाहिलेलं ग्रहण

आकाशातल्या यच्चयावत ग्रहताऱ्यांनी एकत्र बसून एकाच माणसाचे लाड करायचे ठरवले असावेत, आणि तो माणूस म्हणजे आमचे साडू, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, हे यजमान. घरात सगळे त्यांना दाजी म्हणतात. कुरुंद्याला त्यांची हळदीची शेती आहे, आणि साठीतही डोक्यावर माझ्या दुप्पट केस आहेत. सिद्धेश्वर धरणाचे दरवाजे उघडलेले बघायला मी औंढ्याहून मुद्दाम जातो, तेव्हा ते हटकून बंद असतात. हे एकदा वाटेत नुसते पान खायला उतरले, आणि दरवाजे उघडले! आणि वर आमच्या घरी येऊन म्हणाले, "सर, तुमी टायमाला काहून जात न्हाई?"

मी शाळेत भूगोल शिकवतो. बल्ब, चेंडू आणि लिंबू घेऊन पोरांना खग्रास सूर्यग्रहण समजावण्यात माझा जन्म गेला, पण स्वतः एकही पाहिलं नाही. आयुष्यात एवढी एकच हौस होती. ती फिटली कुणाची, तर दाजींची! काशीच्या यात्रेची चौकशी करायला ते नांदेडला एका प्रवास कंपनीत गेले. तिथं ऑस्ट्रेलियात ग्रहण बघायला निघालेल्या मंडळींत एक जागा रिकामी होती, ती यांनी 'काईतरी नवीन दिसतंय' म्हणून घेऊन टाकली. मग मला फोन. "सर, ह्ये गिरान किती दिस चालत असतंय? तेवढे धपाटे घेतो." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बायकोला वाटलं, पित्त झालं. पित्त नव्हतं, मी जळत होतो. तिकडच्या विमानतळावर धपाटे काढून घेतले हे कळलं, तेव्हा जरा बरं वाटलं. पण ग्रुपमधल्या बायकांनी दया येऊन त्यांना म्हणे आळीपाळीने खाऊ घातलं.

ते परत आले तेव्हा सगळं गोत कुरुंद्याला जमलं. दाजी खाटेवर मांडी घालून सांगत होते, "अंधार म्हंजी कसला अंधार! गार वारं सुटलं, पाखरं गप. माणसं तर ढसाढसा रडून राहिली!" आक्का कौतुकाने बघत होत्या. मला ते सहन होईना. परीक्षा घ्यावी म्हणून मी दाजींना अंगणात बाजूला घेतलं.

"करोना दिसला का?"

"छ्या! समदे ठणठणीत व्हते."

"बरं, हिऱ्याची अंगठी?"

"हळू बोला, सर, ही ऐकल. न्हाई घेतली."

करोना म्हणजे झाकलेल्या सूर्याभोवतीची प्रभा आणि अंगठी म्हणजे तो झाकतानाचा शेवटचा लखलखता ठिपका, यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं! आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ग्रहणाच्या काळ्या चष्म्यातून उघडा सूर्य तेवढा दिसतो. तो पुरता झाकला की चष्मा काढायचा असतो, नाहीतर काहीच दिसत नाही. "दाजी, अंधार झाल्यावर चष्मा काढला होता ना?"

दाजी खाली बघू लागले. "कसा काढू? हिनं शपथ घातली व्हती. काई झालं तरी चष्मा काढला तर माझं मेलेलं तोंड बघाल, म्हणली. समदे काढा काढा म्हणून वरडून राहिले, म्या दोन्ही हातांनी दाबून धरला."

माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. एवढे समुद्र ओलांडून हा माणूस चष्म्याच्या आतला अंधार बघून आला होता! आत जाऊन हे एक वाक्य बोललो असतो, की इतक्या वर्षांचा सगळा हिशेब चुकता झाला असता.

"सर," दाजी हळूच म्हणाले, "तुमी तर समदं वाचलेलं हाय. कसं दिसलं असल हो?"

मग मी सांगू लागलो. सूर्याच्या जागी काळीभोर चकती, तिच्याभोवती पसरलेली पांढरी मऊ प्रभा, भरदिवसा दिसणारा शुक्र, आणि चारी दिशांना एकाच वेळी झालेली संध्याकाळ. वर्गात इतकं कधी बोललो नव्हतो. दाजी आ वासून ऐकत होते.

आम्ही आत आलो. ते वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही. दाजींनी मात्र खाटेवर बसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि आता त्यात शुक्र आला, प्रभा आली, "चारी अंगानं सांज झाली बघा" हेही आलं. आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. बायको माझ्या कानाशी लागली, "बघा, दाजी किती जीव ओतून सांगतात. इतकी वर्षं शिकवताय, तुम्हाला आलं का कधी असं सांगता?"

"नाही आलं," मी म्हणालो. मला अजूनही त्यांचा हेवा वाटत होता. पण पुढं काय झालं ते नीट ऐकू यावं म्हणून मी दाजींच्या खाटेजवळ सरकून बसलो.