डोमेनच्या कागदावरची सही

किल्लारीच्या पलीकडे, भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या एका गावात मी ग्रामसेविका होते. मी नांदेडची, डोकं तापायला मला वेळ लागत नसे. गावातली निम्मी पोरं शिकवणीसाठी लातूरला असायची, आणि त्यांच्या एकेका दाखल्यासाठी आईबाप जीपला लटकून लातूरला हेलपाटे घालायचे. "आपल्या पंचायतीची सरकारी वेबसाइट करा की मॅडम, पोरं तिथूनच अर्ज करतील," असं एकदा सरपंचताई म्हणाल्या. जवळजवळ पाच वर्षांत त्यांनी स्वतःहून काढलेलं हे पहिलंच काम. मुदत संपायला दोन महिने उरले होते. खुर्ची सोडण्याआधी एवढं व्हावं, असं त्यांना फार वाटत होतं.

सरकारी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता मिळवणं, दुकानात जाऊन साखर आणण्याइतकं सोपं नसतं. लेटरहेडवर सरपंचाच्या सही-शिक्क्याचं पत्र, सोबत ओळखपत्र, मग दिल्लीची मंजुरी. मी पत्र टाइप केलं. ताईंच्या मालकांनी नेहमीप्रमाणे बायकोच्या नावाची झोकदार सही ठोकली आणि मी ते पाठवून दिलं. होय, नेहमीप्रमाणे. सगळ्या कागदांवर तीच सही चालायची आणि मी डोळ्यांवर कातडं ओढून बसायचे. त्याची मला आजही लाज वाटते.

आठ दिवसांनी दिल्लीहून फोन आला. अर्जात सरपंचांचा म्हणून दिलेला नंबर मालकांचाच होता. ते खुर्चीत रेलून म्हणाले, "हां बोलो, मैं सरपंच बोल रहा हूँ." पलीकडचा माणूस म्हणाला, कागदावर तर बाईंचं नाव आहे, शिवाय ओळखपत्रावरची सही वेगळी दिसते. अर्ज परत आला.

"सहीचं काय येवढं? कुणीबी करावी," मालक म्हणाले.

माझं टाळकं सरकलं. "दादा, आता तुमचं पेन खिशातच राहू द्या," असं सुनावून मी कोरी लेटरहेडं घेतली आणि थेट त्यांच्या घरी गेले.

ताई भाकरी थापत होत्या. हात धुऊन बसल्या. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली बाई. सही येत होती, फक्त कुणी मागितली नव्हती. पहिल्या दोन कापऱ्या आल्या. तिसरी ओळखपत्रावरच्यासारखी जमली. "नंबरबी माझाच टाका," त्या म्हणाल्या.

पुन्हा फोन आला तेव्हा आम्ही तिघंही कार्यालयात होतो. मालकांनी सवयीनं हात पुढं केला. ताईंनी त्यांच्याकडे न बघता फोन कानाला लावला. "हां, मैं सरपंच बोल रई. क्या पूछना हाय, मेरेकू पूछो." नाव, गाव, तालुका, वेबसाइट कशासाठी, सगळं त्यांनी ठणकावून सांगितलं.

मुदत संपायला वीस दिवस असताना मंजुरी आली. शेवटी गव्ह डॉट इन असलेला, आमच्या गावाच्या नावाचा पत्ता! मी आनंदानं टेबलावर हात आपटला आणि पेढे मागवले.

मालकही खूश. "पासवर्ड मला लिहून द्या मॅडम. हिला काय कळतंय त्यातलं?"

ताईंनी पेढा त्यांच्या हातावर ठेवला. "ओटीपी माझ्या फोनवर येतोय," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "अजून वीस दिवस हायत न्हवं? एक ग्रामसभा लावा. खुर्चीवर मी बसणार हाय."

नोटीस मी उभ्या उभ्याच टाइप केली.