जखमेला वारा लागू नये म्हणून

आम्ही दोघा नवरा-बायकोनं शेवटचं काम केलं ते पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, उपटायचं. कापूस वेचून झाला होता, होळी जवळ आली होती. मी लोखंडी चिमट्यानं उपटत पुढे, ती मागून पेंड्या बांधत. एक पऱ्हाटी जमिनीजवळ मोडली. तिचा खुंट मी तसाच सोडला, आणि तो तिच्या तळपायात गेला. मी म्हटलं, घरी चल. ती म्हणाली, "काही नही व्हयनं. दोनच तास राहिनात." ते दोन तास, म्हणजे पऱ्हाट्यांच्या दोन ओळी, तिनं लंगडत पुरे केले.

घरी मी जखमेत हळद आणि चुलीतली राख दाबली, जुन्या लुगड्याचा धडपा आवळून बांधला, वर खताच्या गोणीतलं प्लास्टिक गुंडाळलं. जखमेला वारा लागू देऊ नये, हे माझी आई सांगायची. सगळेच सांगतात.

तिसऱ्या दिवशी पाय मांडीपर्यंत सुजला. दाबला की कातडीखाली पापड मोडल्यासारखं वाजे. वास असा, की जीपवाल्यानं धुळ्यापर्यंत तोंडाला रुमाल बांधला.

दवाखान्यात एक शिकाऊ डॉक्टरीण कागद घेऊन आली. असे पाय कुठून येतात, कशानं लागतं, वर काय बांधतात, हे ती प्रत्येक खाटेजवळ विचारत होती. तिनं सांगितलं, हे जंतू मातीतले, शेणातले. हवा लागली की मरतात, हवा कोंडली की वाढतात.

मला काही समजेना. वाऱ्यावाचून जगतं असं कोणतं जनावर?

"आबा, पट्टी कोणी बांधली?"

मी म्हटलं, हिनंच. बायको शुद्धीवर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि डॉक्टरणीला मान हलवून हो म्हटलं.

संध्याकाळी पाय कापला. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. गावी आणून दिवस मावळायच्या आत अग्नी दिला.

सकाळी मी धुळ्याची पहिली एसटी धरली. मोठा भाऊ म्हणाला, सुतकात कुठं निघालास, डोकं फिरलं का? फिरलंच होतं. काय करतोय ते मलाही धड ठाऊक नव्हतं.

डॉक्टरीण वऱ्हांड्यात भेटली. म्हटलं, "बाई, ती पट्टी मी बांधेल शे. प्लास्टिकबी मीच लावं. कागदावर खोटं शे."

तिनं कागद शोधला. 'स्वतः' खोडून 'नवरा' लिहिलं. तेवढं मला वाचता येतं.

मी विचारलं, मोकळं ठेवलं असतं तर वाचली असती का?

ती म्हणाली, "सांगता येत नाही, आबा. खुंट खोल गेला होता. आत तशीही हवा नव्हती."

मग माझ्या पट्टीनं झालं की नाही? ते पुन्हा विचारायला तोंड उघडलं, तोवर तिला कोणी हाक मारली. मी तिथल्या बाकावर दुपारपर्यंत बसून राहिलो.