दारात अडकलेली खुर्ची

गल्लीतल्या सुतारदादांनी म्हाताऱ्या आईसाठी ऐसपैस खुर्ची केली, पण चिंचोळ्या खोलीत. आता ती दारातून निघेना. रेटून रेटून दमले, अन् शेवटी खुर्चीचा हात कापायला करवत घेऊन बसले.

“आधी आंघोळ उरका,” बायको म्हणाली, “मग बसा कापाकापी करत.”

अंगावर पाणी पडताच दादा खुर्ची विसरून गाऊ लागले. पुढे बनियन घालताना डोकं अडकलं. त्यांनी आधी एक हात घातला, अंग वळवलं, तशी बनियन सर्रकन खाली आली. दादा एकटेच खो खो हसत सुटले.

ओल्या केसांनीच धावले. आधी खुर्चीची पाठ बाहेर काढली, मग वळवून पाय. खुर्ची अलगद अंगणात.

आई ऐटीत टेकून बसली नि म्हणाली, “बनियन उलटी घातलीस रे, येडबंबू.”