चोरकोपरा

आमच्या दादानं एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून सगळ्यात जास्त वेळा निघालेला शब्द म्हणजे मान. मान वळव. मान! अहो, मानेला काय खिळा मारलाय का? शिकणारे त्याच्या मागं त्याला मानमास्तर म्हणायचे आणि त्याला ते ठाऊक होतं. मी त्याची धाकटी बहीण. नवरा गेल्यावर त्याच्याच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आले, आधी फोन घ्यायला आणि पुढं बायकांना शिकवायला. तो शांत, माझा राग कायम नाकाच्या शेंड्यावर, म्हणून आमचं बरं जमलं.

नव्या माणसाला पहिल्या दिवशी किल्लीला हातसुद्धा लावू द्यायचा नाही, हा त्याचा नियम. त्याला चालवणाऱ्याच्या जागेवर बसवायचं आणि दादा एक लाल बादली घेऊन गाडीच्या मागून हळूहळू पुढं चालत यायचा. "दिसतोय का?" "दिसताय." "आता?" "दिसताय." "आता?" मग आतून बावचळलेला आवाज यायचा, "अहो, गेलात कुठं?" तिथंच तो बादली ठेवायचा. दारापासून दोन हातांवर, लालभडक, पण एकाही आरशात नाही. "हा चोरकोपरा," तो सांगायचा. "यात अख्खा माणूस सायकलसकट मावतो. आरसे जरा बाहेर वळवून घे. आपलीच गाडी आरशात कशाला बघायची, ती काय पळून जाणार आहे? आणि आरसे कितीही चांगले असले, तरी वळायच्या आधी मान फिरवायचीच."

चार वर्षांपूर्वी त्यानं यात एक भर घातली. मान फिरवून जे दिसेल ते मोठ्यानं सांगायचं. "डावीकडे सायकल. डावीकडे कुणी नाही. डावीकडे कुत्रं." आमची गाडी बडबडत रस्त्यानं जायची. मला आधी हसू यायचं. पण शिकणारे पहिल्याच परीक्षेत पास व्हायला लागले, तेव्हा मीच रंगाऱ्याला बोलावून दारावरच्या पाटीवर लिहून घेतलं: बघा, बोला, मग वळा.

त्या मंगळवारी दुपारी टायर आणायला आम्ही दोघंच निघालो. तो चालवत होता, मी शिकवणाऱ्याच्या जागेवर, डावीकडे. आमच्या गाडीत त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. टायरचं दुकान जवळ आलं, डावीकडे सरकायचं होतं. दादानं आरसा पाहिला, दिवा दाखवला, मान माझ्या खांद्यापर्यंत वळवली. माझ्या खिडकीपासून हातभर अंतरावर टपाल वाटणारी एक बाई सायकलवर चालली होती, पुढं पिशवी लटकवलेली. मी तिच्याकडे पाहत होते, तोही तिकडेच पाहत होता. आणि त्यानं गाडी सरळ तिच्या अंगावर घातली.

ब्रेक मी दाबला. कधी दाबला ते मला विचारू नका. सायकलचं हँडल आमच्या दाराला खर्रकन घासलं आणि ती बाई फुटपाथवर कोसळली. पत्रं रस्ताभर. मला दार उघडता उघडेना. ती मात्र उठली, कोपर सोलवटलेलं, आणि थेट दादाच्या खिडकीशी येऊन ओरडली, "अहो, बघितलंत ना माझ्याकडे? बघून अंगावर घातलीत!"

"तुम्ही तिथं नव्हता," दादा म्हणाला.

मी हबकलेच. "अरे, नव्हती काय? मी पाहिलं तिला!"

"मीपण पाहिलं. तिथं नुसता रस्ता होता," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक पडलेला.

मग तो खाली उतरला, गुडघ्यांवर बसला आणि पत्रं गोळा करायला लागला. उजव्या हाताची सगळी उचलली, चवड नीट केली, तिला दिली, दहा वेळा माफी मागितली. त्याच्या डाव्या गुडघ्याशी सात-आठ पाकिटं तशीच पडलेली होती, भर उन्हात. "झाली बघा सगळी," तो म्हणाला. ती पाकिटं मी उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथं एक यंत्र असतं, पालथ्या धरलेल्या मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं. त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठंही बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. शेवटी एक छापील कागद निघतो. जिथं दिसत नाही तिथं काळं. दादाच्या कागदाची डावी बाजू जवळजवळ सगळी काळी होती.

"काचबिंदू," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही. राहिलंय ते औषधाच्या थेंबांनी टिकवू. गाडी मात्र आजपासून बंद."

"किती दिवसांचं असेल हे?" मी विचारलं.

"दिवस कसले? चार-पाच वर्षं तरी झाली असतील."

चार वर्षं! चार वर्षांपूर्वीच तर यानं शिकणाऱ्यांना मोठ्यानं बोलायला लावलं होतं. म्हणजे तो शिकवत नव्हताच. स्वतःला दिसत नव्हतं ते त्यांच्या तोंडून ऐकून घेत होता! आणि मी मूर्ख, पाटी रंगवून मिरवत होते.

घरी आल्या आल्या मी तोंड सोडलं. "तुला ठाऊक होतं सगळं."

"नव्हतं गं."

"मग त्यांना बोलायला का लावलंस?"

"ते ऐकल्याशिवाय जिवाला चैन पडायची नाही. का, ते मला कधी कळलं नाही. वाटलं, वय झालं, धास्ती वाढली. त्यांना फायदा होत होता, मग म्हटलं बरंच आहे."

"आणि डावा खांदा रोज दाराच्या चौकटीला आपटत होतास तो?"

"वेंधळेपणा वाटला. डॉक्टर म्हणाल्या ना, तिथं काळं दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन ती जागा भरून टाकतो. मला रस्ताच दिसायचा गं."

"थापा मारू नकोस! आपल्याला दिसत नाही एवढंही माणसाला कळत नाही होय? ती बाई मेली असती! चार वर्षं लोकांच्या पोरांना घेऊन फिरलास, खोटारड्या!"

वहिनी "ताई, पुरे आता" म्हणत राहिल्या. मी थांबले नाही. दादानं उलट उत्तर दिलं नाही की डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. एवढंच म्हणाला, "डोळ्यांचं काय व्हायचं ते होऊ दे. गाडीपण गेली तर गेली. पण जाणूनबुजून मी कुणाचा जीव धोक्यात घातला नाही. तू तरी विश्वास ठेव."

मी नाही ठेवला. कसा ठेवणार? नऊ दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्याचे शिकणारे माझ्याकडे घेतले आणि सकाळ-संध्याकाळ गाडी काढली. प्रत्येक वळणावर मान फिरवायची आणि मनाशी म्हणायची, हे बघ, सगळं कसं लख्ख दिसतंय. नसतं दिसलं तर कळलं नसतं का? अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. ज्यानं माझ्या हातात चाक दिलं, त्याच्यावरचा हा राग मला झोपू देत नव्हता.

हा आजार रक्तात असतो, सख्ख्या भावंडांनीही तपासून घ्यावं, असं डॉक्टरांनी जाता जाता सांगितलं होतं. वहिनींनी त्यावरून पिच्छाच पुरवला. "माझी नजर घारीसारखी आहे," मी म्हणाले. पण दादाला पुन्हा दाखवायचंच होतं, म्हणून पुढच्या आठवड्यात शुक्रवारी दोघं गेलो. गाडी मी चालवली. वाटेत त्यानं दोनदा बोलायचा प्रयत्न केला, मी रेडिओ मोठा केला.

मी वाडग्यात तोंड घातलं आणि टकाटक बटण दाबत सुटले. मधेमधे बराच वेळ दिवाच लागेना. "अहो बाई, तुमच्या यंत्राची वीज गेली का?" मी तिथल्या मुलीची चेष्टा केली. ती म्हणाली, "चालू आहे. ठिपक्याकडेच बघा." तेव्हा मला तिची कीव आली होती.

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. उजव्या डोळ्याच्या वरच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा काळा डाग.

"हे दुसऱ्या कुणाचं असेल," मी म्हणाले.

"तुमचंच आहे. वर नाव बघा."

"यंत्र मधे बंद पडलं होतं हो. मी त्या मुलीला म्हटलंसुद्धा."

"बंद नव्हतं पडलं. या एवढ्या जागेत अकरा वेळा दिवा लागला," डॉक्टर सावकाश म्हणाल्या. "तुम्ही एकदाही बटण दाबलं नाहीत."

अकरा वेळा! काळं नव्हतं दिसलं. काही हरवलंय असं वाटलंच नव्हतं. स्वच्छ पांढरा वाडगा दिसत होता, शपथेवर सांगते, अगदी कडेपर्यंत. याच डोळ्यांनी मी नऊ दिवस लोकांच्या पोरांना रस्त्यावर नेलं होतं. डॉक्टर पुढं सांगत होत्या की लवकर सापडलं, थेंबांनी थांबेल, भावामुळे वाचलात. मला त्यातलं निम्मंच ऐकू येत होतं.

बाहेर बाकावर दादा बसला होता. मला पाहून लगेच उठला. "झालं? निघायचं?"

मी त्याच्या हातात कागद दिला. त्यानं तो उजवीकडे धरून नीट पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"दादा, मला काहीच कळलं नाही रे," मी म्हणाले. "दिवा लागत होता आणि माझ्यासाठी तो नव्हताच. तू खरं बोलत होतास. मी तुला काय काय बोलले!"

मला वाटलं होतं, निदान एवढं ऐकून तरी त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. पण स्वतःचा कागद बघून जो एक शब्द बोलला नव्हता, तो सगळ्या लोकांसमोर माझा हात धरून हमसून हमसून रडायला लागला.

"जन्मभर मला खोटारडा म्हणाली असतीस तरी चाललं असतं गं," तो म्हणाला. "पण हे नको होतं."